पंधरा तासांचा अंधार

सत्तारभाऊ यंदाच्या फेब्रुवारीत, एका गुरुवारी दुपारी तीनच्या सुमारास, घुग्घुसला राहत्या घरी वारले. दुसऱ्या पाळीला निघायची तयारी सुरू होती. एक बूट पायात होता, दुसरा हातात. वय एकोणसाठ. कोळसा खाणीत ते पंप ऑपरेटर होते. मागे पत्नी खैरूनबाई. खिडकीत एक झाड होतं, त्याला त्या दिवशी फूल नव्हतं.

मी त्यांच्या वरच्या खोलीत सात वर्षं भाडेकरू आहे आणि जिल्ह्यातल्या एका दैनिकाला घुग्घुसच्या बातम्या पाठवतो. त्यांच्या निधनाची बातमी मीच दिली. ती चार ओळींची छापून आली. झाडाचा उल्लेख त्यात नव्हता.

सत्तारभाऊंचं काम खाणीच्या तळाशी साचणारं पाणी बाहेर काढणं. तेहतीस वर्षं त्यांनी तेच केलं. पाण्याविषयी त्यांचं मत चांगलं नव्हतं. "पानी लई हरामी माल हाय," ते म्हणत. "बोलावलं तं येत नाई, जाय मनलं तं जात नाई." पावसाळ्यात लोक गच्चीवर उभे राहून पाऊस बघत, तेव्हा ते घराच्या मागे जाऊन नाली पाहून येत. नळ गळत असला, भिंतीला ओल आली, शेजाऱ्याच्या गाडीचा पेट्रोल कॉक टिपकत असला, तरी त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं होतं. "आधी कुठून येते ते पाय. मंग पुसजो."

दुसरी सवय नोंदीची. पंपाजवळच्या रजिस्टरमध्ये दर तासाला पाण्याची पातळी लिहावी लागते. एका दुपारी हाताला लागलं म्हणून ते दोन तास दवाखान्यात होते. परत आले तेव्हा साहेबांनी सांगितलं, मधले दोन आकडे अंदाजानं भरून टाका. सत्तारभाऊंनी दोन्ही रकान्यांत लिहिलं, 'पाहिलं नाई'. त्याबद्दल त्यांना लेखी समज मिळाली. तो कागद त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवला होता. मला दोनदा दाखवला. दोन्ही वेळा एवढंच म्हणाले, "अंदाज मंजे झूट. फक्त हळू आवाजातला."

त्यांना एकच मुलगी होती, गुलनाज. ती चंद्रपूरला औषधांच्या दुकानात कामाला होती, बसनं जाऊन येऊन करायची. एका जानेवारीत तिनं तिथल्या नर्सरीतून कुंडी आणली. मांडीवर ठेवून, बसमधून. जाड, मांसल, कडेनं दातेरी पानं आणि वर शेंदरी फुलांचे झुपके. नर्सरीवाल्यानं नाव सांगितलं होतं कलांचो. खोलीत वाढतं, पाणी फार लागत नाही. एवढ्या एका गुणावर सत्तारभाऊंनी झाडाला घरात घेतलं.

त्या दिवशी मी खाली चहाला होतो.

"अब्बा, पुढच्या जानेवारीत दुप्पट फुलतीन पाहाल," गुलनाज म्हणाली.

"हे एका खेपेचं काम हाय, बेटा. नर्सरीवाले औषध मारून फुलवते. पुन्यांदा हे फुलत नाई."

"फुललं तं?"

"नाई फुलत. लिहून घे."

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गुलनाजला डेंग्यू झाला. चौथ्या दिवशी तिला रुग्णवाहिकेतून नागपूरला न्यायचं ठरलं. खैरूनबाई मागे मुलीजवळ बसल्या, सत्तारभाऊ पुढे ड्रायव्हरजवळ. नागपूरला पोचण्यापूर्वीच ती गेली होती. माती झाल्यावर नातेवाईक विचारत राहिले, नेमकी कुठे गेली, कशी गेली. सत्तारभाऊ प्रत्येकाला एकच सांगत. "वरोऱ्यापर्यंत आवाज येत होता. पुढचं मी पाहिलं नाई."

खैरूनबाईंना कुणी विचारलं की त्या उठून आत जात.

त्यानंतर सत्तारभाऊ झाडाकडे पाहू लागले. तोवर ते गुलनाजचं काम होतं. त्यांनी पद्धत पंपासारखीच लावली. कुंडीच्या तळाला एकच भोक होतं, त्यांनी तापवलेल्या सळईनं आणखी पाच पाडली. तळाशी जळक्या कोळशाचा चुरा घातला, वर वाळूमिश्रित माती. पाणी देण्यापूर्वी मातीत बोट दुसऱ्या पेरापर्यंत घालायचं; बोटाला माती चिकटली तर त्या दिवशी पाणी नाही. थंडीत कधी पंधरा पंधरा दिवस पाणी नसे.

घुग्घुसला झाड घरात ठेवलं तरी पानावर धूळ बसतेच. खिडकी बंद ठेवून फरक पडत नाही. सिमेंटची धूळ असली आणि पानावर एकदम ओलं फडकं फिरवलं, तर पानाला प्लास्टर लागतं. हे सत्तारभाऊंनी एक पान गमावून शिकून घेतलं. मग जुना दाढीचा ब्रश काढला. आधी कोरड्या ब्रशनं झाडायचं, पानाखाली तळहात धरून, म्हणजे पान मोडत नाही. त्यानंतर ओलं फडकं.

समोर राहणारे पुंडलिकभाऊ खाणीतच डंपर चालवतात. ते दारातून म्हणाले, "काऊन जी सत्तारभाऊ, झाडाची दाढी करून राह्यले का?"

"हो. तुही करून देऊ का? तुह्या थोबाडावर बी तेवढीच धूळ हाय."

"मले फुलं येतीन का पन?"

"तुले येऊन बी कोन पाहीन."

गुलनाज गेल्यानंतर त्या अंगणात मी ऐकलेलं हे पहिलं हसणं. खैरूनबाई आत शिवणयंत्रावर होत्या. यंत्र थांबलं नाही.

जानेवारी आला. झाड हिरवंगार होतं, पानं बोटाएवढी जाड. फुलं आली नाहीत. फेब्रुवारीतही नाहीत. मार्चमध्ये एका रविवारी सत्तारभाऊ वर माझ्या खोलीत आले. ते वर क्वचितच येत. खुर्चीवर बसले.

"मी तिले मनलं होतं, हे पुन्यांदा फुलत नाई," ते म्हणाले. "मले ते शब्द वापस घ्याचे हाय. बाकी काई नाई."

आम्ही माझ्या मोटारसायकलवरून चंद्रपूरला गेलो. कुंडी त्यांनी मांडीवर धरली होती. नर्सरीवाला तिशीतला मुलगा होता. त्यानं पानं उलटी करून पाहिली, खोड दाबलं.

"झाड तं एक नंबर हाय काका. कोन पाहते याले?"

"मी."

"घरात ट्यूबलाइट किती वाजेपर्यंत जळते?"

"बाई शिवनकाम करते. दहा, साडेदहा."

"मंग कसं फुलन? याले रात मोठी लागते. थंडीत रात मोठी झाली का हे कळी धरते. तुमच्या ट्यूबखाली याची रात झालीच नाई. नोव्हेंबर लागला का रोज याले झाकाचं. पंधरा तास ठार अंधार. असे सहा हप्ते."

सत्तारभाऊंनी खिशातून डायरी काढली. "झिरोचा बल्ब चालते?"

"नाई."

"मंधात एखाद्या टाइमले पाहाले उघडलं तं?"

"नाई काका. त्याची गिनती तुटते."

"एक दिवस चुकला तं?"

"एखादा दिवस माफ. हप्ता चुकला तं पुढच्या वर्षी."

त्यांनी सगळं लिहून घेतलं आणि खाली सही घ्यावी अशा थाटात त्या मुलापुढे डायरी धरली. मुलगा हसला. सत्तारभाऊ हसले नाहीत.

ऑक्टोबरच्या शेवटी त्यांनी टेबल फॅनचा रिकामा खोका घेतला, आतून काळा कागद चिकटवला आणि सगळ्या कडांवर खाणीतली काळी इन्सुलेशन टेप लावली. मग भर दुपारी अंगणात उन्हात उभं राहून तो स्वतःच्या डोक्यावर घातला.

पुंडलिकभाऊ बाहेरच होते. "काऊन जी, बाई रागावली का? तोंड लपवून उभे हा."

खोक्यातून आवाज आला, "पुंडलिक, डाव्या कोपऱ्यातून तुहं नाक दिसून राह्यलं. टेप आन."

अंधार पक्का झाला की नाही हे त्यांनी तीनदा तपासलं. झाकायची वेळ साडेचार, उघडायची सकाळी साडेसात. खाणीत पाळ्या आठवड्याला बदलतात. पहिल्या पाळीहून ते सव्वाचारला घरी येत, रात्रपाळीच्या आठवड्यात संध्याकाळी घरीच असत आणि सकाळी सव्वाआठला परतल्यावर उघडत. दुसऱ्या पाळीचा आठवडा अडचणीचा होता. तेव्हा ते दुपारी निघून मध्यरात्रीनंतर परतत. त्या आठवड्यात झाकायची वेळ सव्वातीन. निघण्यापूर्वी कोरडा ब्रश, मग खोका, मग बूट. खोक्याच्या बाजूवर पेन्सिलनं दोन रकाने आखले होते, 'झाकलं' आणि 'उघडलं'. खैरूनबाईंना ते एवढंच सांगत, "हात नको लावजो बरं."

त्या उत्तर देत नसत. त्याकडे आम्ही दोघांनीही लक्ष दिलं नाही.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, संध्याकाळी सातच्या सुमारास, मी डबा परत द्यायला खाली गेलो. सत्तारभाऊ दुसऱ्या पाळीला गेले होते. दार उघडं होतं. खैरूनबाई शिवणयंत्रावर ब्लाऊज शिवत होत्या. डोक्यावर ट्यूबलाइट होती. खोका जमिनीवर होता. झाड यंत्राच्या फळीवर, त्यांच्या डाव्या हाताशी, पूर्ण उजेडात होतं.

मी दारात थांबलो. त्यांनी पाहिलं. यंत्र थांबवलं नाही, शिवण संपेपर्यंत पाय चालू होता. मग दोरा दातांनी तोडला.

"बसा भाऊ."

मी बसलो.

"गाडीत मागं मी होती," त्या म्हणाल्या. मी काही विचारलं नव्हतं. "वरोऱ्याच्या पुढं गेलो तं मने, अम्मी, अंधार झाला, लाइट लाव. दुपारचे दोन वाजले होते. काचंतून एवढं ऊन येत होतं का डोळे दिपत होते. मी मनलं लावते बेटा, लावते. कुठी लावू? बटन कुठी हाय तेबी मले मालूम नाई."

त्यांनी ब्लाऊज उलटा केला, टाके पाहिले.

"तिच्या कबरीत अंधार हायेच. ते माह्या हातात नाई. हे माह्या हातात हाय. पंधरा पंधरा तास मी याले कशी कोंडू?"

"भाऊंना सांगितलंय का? गाडीतलं?"

"नाई. ते पुढं बसले होते. त्यायले तेवढं तरी राहू द्या." मग म्हणाल्या, "सांगाल नाई."

मी सांगितलं नाही.

त्या हिवाळ्यात दुसऱ्या पाळीचे दोन आठवडे आले. दोन्ही आठवडे सत्तारभाऊ निघाल्यावर खोका उतरत होता आणि ते परतण्यापूर्वी पुन्हा चढत होता. खोक्यावरच्या दोन रकान्यांत एकाही दिवशी खाडाखोड नव्हती. जानेवारीत फुलं आली नाहीत.

कारण शोधण्यात सत्तारभाऊंचं ते वर्ष गेलं. माती बदलली. वाळू वर्धा नदीवरून आणली, ती धुऊन वाळवली. धुळीत काही असेल म्हणून खिडकीच्या फटींना टेप लावली. नर्सरीवाल्याला फोन करून खोक्याची लांबीरुंदी सांगितली. तो म्हणाला, "काका, बराबर करून राह्यले तुमी. फुलाले पाह्यजे होतं." हे वाक्य त्यांनी मला येऊन सांगितलं आणि पुढे म्हणाले, "बराबर करून राह्यलो आन होऊन नाई राह्यलं. मंजे मी बराबर नाई करून राह्यलो."

त्यांची तब्येत त्याच वर्षी उतरली. जिना चढताना मध्ये थांबत. दवाखान्यात जायला सांगितलं की म्हणत, नोव्हेंबर होऊन जाऊ दे. मे महिन्यात एकदा ते कुंडीसमोर स्टुलावर बसले होते. मी बाजूनं गेलो तेव्हा मान वर न करता बोलले, "तिचंच खरं करून दाखवाचं हाय, आन तेबी जमून नाई राह्यलं."

मला कारण माहीत होतं. मी वर गेलो आणि नगरपरिषदेची बातमी पूर्ण केली.

गेल्या नोव्हेंबरात खोका पुन्हा निघाला. नवीन रकाने आखले गेले. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यातल्या एका सकाळी, आठच्या आधी, त्यांनी मला जिन्यावरच अडवलं. तळहात पुढे केला. त्यावर हिरव्या दोऱ्याचा एक तुकडा होता, नखाएवढा.

"पानावर होता. आता उघडलं तं दिसला."

मी दोऱ्याकडे पाहिलं.

"काल सव्वातीनले मी सारी पानं ब्रशनं झाडली. तवा हा नोहता. मंग खोका ठेवला. खोक्याले फट नाई." ते थांबले. श्वास घेतला. "कुठून आला?"

"मला काय माहीत, भाऊ," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग दोऱ्याची बारीक गोळी केली, शर्टाच्या खिशात टाकली आणि वरून खिसा दाबला. आतून यंत्राचा आवाज सुरू झाला होता. खैरूनबाई आदल्या दिवसापासून एक ब्लाऊज शिवत होत्या, हिरवा.

त्या दिवशी ते सव्वातीनला नेहमीसारखे निघाले. घरात बोलणं झाल्याचं मी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. वरच्या खोलीत खालचं सगळं ऐकू येतं.

त्यानंतर सुमारे महिनाभर निवडणुकीच्या बातम्यांसाठी मी बहुतेक चंद्रपूरला होतो. परतलो तेव्हा झाडाबद्दल मी विचारलं नाही, त्यांनीही काढलं नाही. पुंडलिकभाऊंनी एकदा विचारलं, "काय मनते जी तुमचं झाड? यंदा पक्कं ना?"

"झाड चांगलं हाय," सत्तारभाऊ म्हणाले.

"फुलाचं इचारून राह्यलो मी."

"मी झाडाचं सांगून राह्यलो."

त्यांना नीट असं मी शेवटचं पाहिलं ते जानेवारीत. आठवडा दुसऱ्या पाळीचा होता. मी भाडं द्यायला तीनला खाली गेलो, त्यांनी बसायला सांगितलं. झाड खिडकीत होतं. त्यांनी तळहात खाली धरून एकेक पान ब्रशनं झाडलं. शेंड्याकडची पानं हलक्या हातानं बाजूला करून आत पाहिलं. मीही पाहिलं. कळी नव्हती.

मग त्यांनी खोका आणला; सहा हप्ते कधीच उलटले होते, तरी झाकणं त्यांनी थांबवलं नव्हतं. एका बाजूला त्यात चौकोनी भोक कापलेलं होतं, तळहाताएवढं. चारही कडांना काळी टेप लावली होती, कोपरे तिरपे कापून नीट जुळवले होते. टेपवर धूळ बसली होती, म्हणजे काम त्या दिवसाचं नव्हतं. पेन्सिलचे रकाने तसेच होते. पहिल्या पाळीच्या आणि रात्रपाळीच्या दिवसांसमोर वेळा लिहिलेल्या होत्या. दुसऱ्या पाळीच्या दिवसांसमोर, दोऱ्याच्या त्या सकाळपासून पुढे, वेळ नव्हती. प्रत्येक ओळीत दोनच शब्द होते. 'पाहिलं नाई'.

खैरूनबाई यंत्रावर होत्या, आमच्याकडे पाठ. त्या दिवसांत खोका त्या उचलत होत्या की नव्हत्या, हे मी नंतर त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "काऊन उचलू? त्यायनंच खिडकी काढून देल्ली." काही बोलणं झालं होतं का, असंही विचारलं. "नाई. तेबी नाई बोलले, मीबी नाई."

सत्तारभाऊंनी खोका झाडावर ठेवला. भोक खिडकीच्या बाजूला आलं होतं. त्यांनी खोका दोन्ही हातांनी हळूच फिरवला, पानाला धक्का न लावता. भोक शिवणयंत्राच्या समोर आलं. एक पाऊल मागे सरून पाहिलं, अजून थोडा फिरवला.

"बराबर हाय?" त्यांनी विचारलं. मला की बाईंना, ते कळलं नाही.

यंत्र थांबलं. खैरूनबाईंनी वळून पाहिलं. "हो," त्या म्हणाल्या.

त्यांनी बूट घातले, हेल्मेट घेतलं. "चाललो. पानी वाट पाहून राह्यलं," म्हणाले. दारात भिंतीला हात टेकून क्षणभर थांबले, मग बाहेर पडले. मोटारसायकल तिसऱ्या किकला सुरू झाली.

खैरूनबाईंनी उठून ट्यूबलाइट लावली. तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. बाहेर ऊन होतं.